ऑपरेशनच्या दिवशी मनात काय काय येतं

सकाळी आल्या आल्या बहुतेक पेशंट काउंटरवर विचारतात, "माझा नंबर कितवा?" ऑपरेशनबद्दल कमीच जण विचारतात. खरी विचारणा असते ती ही, की असं धास्तावून किती वेळ बसायचं? आम्ही सांगतो ती वेळ अंदाजाची असते. आधीच्या ऑपरेशनला जास्त वेळ लागला, तर तुमचं पुढे सरकतं. असं झालं की सिस्टर दर अर्ध्या तासाने येऊन सांगतील. नाही आल्या, तर खुशाल बेल वाजवा.

उपाशी राहण्यावरून फार गोंधळ होतो. घट्ट अन्न आणि दूध भूल देण्याच्या ६ तास आधी बंद, तेलकट किंवा भरपेट जेवण असेल तर ८ तास. दूध घातलेला चहा-कॉफीही यातच आली. साधं पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालतं. भूलतज्ज्ञांनी तुम्हाला वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. भुलेत गिळण्या-खोकण्याची क्रिया मंदावते. पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जीवावर बेततं. चुकून काही खाल्लंत तर सांगून टाका. कोणी रागावणार नाही, फार तर ऑपरेशन पुढे ढकलू. बीपी, मधुमेह किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांपैकी कोणती घ्यायची, कोणती नाही, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

"नाव काय? कशाचं ऑपरेशन?" हे तुम्हाला तीन-चार जण विचारतील. यांच्याकडे फाईल नाही की काय, असं वाटेल. फाईल हातातच असते, आम्ही मुद्दाम विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. पेशंटची ओळख आणि ऑपरेशनची जागा पडताळणं हा तिचाच भाग. आमच्या सिस्टर "डावा गुडघा ना?" असं कधी विचारत नाहीत, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "कोणता गुडघा?" असंच विचारतात. तुम्ही बोट दाखवलंत की मार्करने खूण होते. ती पुसू नका.

"मध्येच जाग आली तर?" ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते, बोलून दाखवणारे थोडे. पूर्ण भुलेत तसं होणं फार दुर्मीळ आहे. भूलतज्ज्ञ सुई टोचून निघून जात नाहीत. ऑपरेशन संपेपर्यंत नाडी, बीपी आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवून शेजारीच असतात. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला असेल, तर मात्र तुम्ही जागे असाल. पाय जड होतील, आवाज ऐकू येतील, ओढल्यासारखंही वाटेल, पण दुखणार नाही. ते ऐकायचं नसेल तर आधी सांगा, झोपेचं औषध देता येतं का ते भूलतज्ज्ञ पाहतील.

कवळी चारचौघांत काढायला अनेकांना संकोच वाटतो. आम्ही ती ऑपरेशन थिएटरच्या दारातच काढायला सांगतो आणि नाव लिहिलेल्या डबीत ठेवतो. कानाचं मशीन भूल देईपर्यंत राहू द्या, नाहीतर आमचे प्रश्नच ऐकू येणार नाहीत. एखादा दात हलत असेल तर तेही सांगा. नेलपॉलिश घरूनच काढून या, बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या क्लिपला त्याचा अडथळा होतो. केस मात्र घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक जखमा होतात आणि त्यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

नातेवाइकांसाठी: पाऊण तासाचं ऑपरेशन म्हटलं तरी पेशंट दोन-अडीच तास बाहेर येत नाही. आधीची तयारी आणि नंतर भूल उतरणं, यात तो वेळ जातो. बाहेर आल्यावर थंडी वाजून अंग थरथरेल, घसा खवखवेल. हे बहुतेकदा थोड्या वेळात थांबतं. पुढचे २४ तास पेशंटने गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. घरी जातानाच्या सूचना आम्ही तुमच्यासमोर सांगतो आणि लिहूनही देतो. पेशंट मान डोलावतो खरा, पण संध्याकाळपर्यंत त्याला त्यातलं निम्मंही आठवत नाही.