आय-नाइन आणि ई-व्हेरिफाय यांत फरक काय?

अमेरिकेत बेकायदा स्थलांतराचा वाद पेटला की 'मालकांना कागदपत्रं तपासायला लावा' हा उपाय कोणीतरी सुचवतंच. तपासणी तिथे १९८६ पासून सक्तीची आहे. लोकांना खरं तर ई-व्हेरिफाय, म्हणजे सरकारी नोंदींशी होणारी ऑनलाइन पडताळणी, म्हणायचं असतं.

आय-नाइन हा त्या सक्तीच्या तपासणीचा फॉर्म. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, आणि माहीत असूनही बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला दंड लागू झाला. सगळी मेख त्या 'माहीत असूनही'मध्ये आहे. नवा माणूस रुजू झाला की कामाच्या तीन दिवसांत मालकाने त्याची कागदपत्रं बघायची आणि सकृतदर्शनी खरी वाटली तर मान्य करायची. 'हे नको, ग्रीन कार्डच आण' असा हट्ट धरला तर भेदभावाची तक्रार होऊ शकते. म्हणजे बनावट सोशल सिक्युरिटी कार्ड (सरकारी ओळख क्रमांकाचं कार्ड) बरं छापलेलं असलं की माणूस कामाला लागतो आणि मालकाला 'मला काय ठाऊक?' म्हणायला जागा राहते. फॉर्म सरकारकडे पाठवायचाही नसतो, फाइलला लावून ठेवायचा.

ई-व्हेरिफायचं काम त्यानंतर सुरू होतं; आय-नाइन भरावा लागतोच. त्यातली माहिती ऑनलाइन टाकली की ती सोशल सिक्युरिटी आणि होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) खात्यांच्या नोंदींशी ताडली जाते. मनाने रचलेला नंबर इथे अडकतो. दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव-नंबर उसनं घेतलेला मात्र निसटू शकतो, कारण फोटो जुळवण्याची सोय ठरावीक कागदपत्रांपुरतीच आहे.

बहुतेक खासगी मालकांना केंद्राची ई-व्हेरिफायची सक्ती नाही. ॲरिझोनाने ती २००८ पासून लावली आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली. फ्लोरिडात २०२३ पासून २५ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना ती आहे.

देशभर सक्ती का होत नाही? शेतीकडे बघा. सरकारच्याच पाहण्यांत पिकांवर राबणाऱ्यांपैकी साधारण ४० टक्के बिनापरवाना निघतात. सक्ती झाली तर त्यांच्या जागी परदेशातून माणसं आणायला एच-टू-ए व्हिसा आहे, त्याला संख्येची मर्यादाही नाही. पण तो हंगामी कामाचा. द्राक्षतोडणीला चालतो, गोठ्याला नाही. गायी बारा महिने पिळाव्या लागतात.