पार्श्वभूमी : आखलेल्या शहरातला डिस्टोपियाचा तास

एप्रिल २०२० मध्ये नेरुळच्या माझ्या नववीच्या वर्गाने इंग्रजीचा पहिला धडा मोबाइलच्या पडद्यावर वाचला. धडा होता आयझॅक असिमोव्हचा ‘द फन दे हॅड’. साल २१५७. अकरा वर्षांची मार्गी घरातल्या यांत्रिक शिक्षकासमोर एकटी बसून शिकते. टॉमीला माळ्यावर एक कागदी पुस्तक सापडतं, आणि पूर्वी मुलं एकाच इमारतीत जमून शिकायची हे तिला कळतं. असिमोव्हने ही गोष्ट १९५१ साली लिहिली. एनसीईआरटीच्या ‘बीहाइव्ह’ या पुस्तकात ती पहिलाच धडा होती. आधीच्या वर्षांत मुलं ती हसत वाचायची. त्या वर्षी कुणी हसलं नाही. एका मुलाने माइक सुरू करून विचारलं, “मॅडम, हे त्याला कसं कळलं?”

त्याला कळलं नव्हतं. डिस्टोपिया, म्हणजे माणसांनीच आखलेल्या भयाण समाजाच्या गोष्टी, लिहिणारे लेखक भविष्य सांगत नाहीत. डोळ्यांसमोरची एखादी व्यवस्था ते उचलतात आणि ती अशीच पुढे गेली तर कुठे पोचेल, ते शेवटपर्यंत जाऊन पाहतात. हे मुलांना पटवायचं तर या साहित्याचा इतिहासच सांगावा लागतो.

डिस्टोपियाला मराठीत रुळलेला शब्द नाही. मुलं पटकन ‘कलियुग’ म्हणतात. मला ते पटत नाही. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी कलियुगाचं वर्णन करतात, पण ते युग काळाच्या फेऱ्यात येतं, कुणी बैठक घेऊन आणत नाही. डिस्टोपिया मात्र माणसं आराखडा काढून उभी करतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यांच्या भल्यासाठी म्हणून. एवढा फरक कळला की निम्मा अभ्यास झाला.

म्हणून सुरुवात सुखाच्या आराखड्यापासून करावी लागते. टॉमस मोरने १५१६ मध्ये लॅटिनमध्ये ‘यूटोपिया’ लिहिलं. शब्द ग्रीक मुळांचा. त्यात ‘कुठेच नसलेली जागा’ आणि ‘चांगली जागा’ हे दोन्ही अर्थ ऐकू येतात. त्या बेटावर चोपन्न शहरं आहेत आणि सगळी इतकी सारखी, की एक पाहिलं की बाकीची पाहिल्यासारखीच. उलट अर्थाचा शब्द लोकांसमोर ठळकपणे आला तो १८६८ मध्ये. ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या प्रश्नावर बोलताना तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल म्हणाला, की यूटोपिया प्रत्यक्षात न येण्याइतका चांगला असतो, पण सरकारचा बेत प्रत्यक्षात न येण्याइतका वाईट आहे, म्हणून असा बेत करणाऱ्यांना ‘डिस्टोपियन’ म्हणावं. म्हणजे इंग्लंडने चालवलेल्या दुसऱ्यांच्या भूमीवरून झालेल्या वादात हा शब्द पुढे आला. मुलांना मी हे मुद्दाम सांगते.

१९०९ मध्ये ई. एम. फॉर्स्टरने ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा लिहिली. माणसं जमिनीखाली, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसारख्या खोल्यांत एकेकटी राहतात आणि गोल तबकडीवर एकमेकांना पाहतात. मुलगा आईला विनवतो, यंत्रातून नको, प्रत्यक्ष भेटायला ये. हाच फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांकडे खासगी सचिव होता. मराठी संस्थानात वावरलेला माणूस, हे सांगितलं की वर्गाला तो जरा जवळचा वाटतो.

पुढचा टप्पा रशियन. क्रांतीनंतर लगेचच, १९२०-२१ च्या सुमारास, येवगेनी झाम्यातिनने ‘वी’ लिहिली. घरं काचेची, आणि माणसांना नावांऐवजी अक्षर-आकडे. १९२४ मध्ये ती न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली, खुद्द सोव्हिएत रशियात मात्र १९८८ मध्ये. १९३२ ची हक्सलेची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ भीतीऐवजी सुखाच्या गोळीने माणसं ताब्यात ठेवते. जॉर्ज ऑर्वेलबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण शाळांपर्यंत हा प्रवाह मुख्यतः त्याच्यामुळे पोचला.

त्याचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात होते. तो स्वतः १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी होता, आणि दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवरून भारतासाठी कार्यक्रम करत होता. सत्ता कशी चालते हे त्याने खुर्चीच्या आतल्या बाजूने पाहिलं होतं. ‘अ‍ॅनिमल फार्म’ १९४५ ची, माणसाविरुद्ध उठाव करून डुकरांच्या राज्यात अडकलेल्या प्राण्यांची. ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ ची, प्रत्येकावर नजर ठेवणाऱ्या सरकारची. त्यानंतर शीतयुद्ध तापलं आणि ही पुस्तकं पाश्चात्त्य वर्गांत रुळली. त्यात राजकारणही होतं : १९५४ च्या ‘अ‍ॅनिमल फार्म’ कार्टूनपटामागे सीआयएचा पैसा होता, आणि त्याचा शेवट बदलून प्राण्यांना डुकरांविरुद्ध पुन्हा उठाव करायला लावलं गेलं.

वर्गांनीच या पुस्तकांवर केलेला अन्याय मला जास्त लागतो. पुस्तकं जाळणाऱ्या समाजावरची रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ १९५३ ची. १९६७ मध्ये प्रकाशकाने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली, शिव्या आणि ‘अयोग्य’ मजकूर गुपचूप गाळून. लेखकाला हे कळायला १९७९ उजाडलं. मग त्याने मूळ मजकूर परत आणवला. त्या बारा वर्षांत ही आवृत्ती ज्यांच्या हाती पडली, त्या मुलांनी कात्री लावलेल्या पुस्तकातूनच कात्रीविषयी वाचलं.

१९९३ ची लोइस लाउरीची ‘द गिव्हर’ आणि २००८ ची ‘द हंगर गेम्स’ यांच्यानंतर नायक स्वतःच शाळकरी वयाचे झाले. मुलं ही पुस्तकं अभ्यासक्रमाची वाट न पाहता वाचू लागली.

आपल्याकडेही हा धागा जुना आहे. बेगम रुकैया यांची ‘सुलतानाज ड्रीम’ १९०५ मध्ये मद्रासच्या मासिकात इंग्रजीतच आली. त्यात पुरुष पडद्यात आणि राज्य बायकांचं. ती डिस्टोपिया नव्हे, पण व्यवस्था उलटी करून पाहण्याचा धडा तिच्याइतका सोपा कुणी दिलेला नाही. मंजुळा पद्मनाभन यांचं १९९७ चं ‘हार्वेस्ट’ हे नाटक तर मुंबईतच घडतं : नोकरी गेलेला तरुण आपले अवयव परदेशी ग्राहकाला विकतो आणि तो ग्राहक पडद्यावरून घरावर नजर ठेवतो. अकरावी-बारावीच्या मुलांनी ते वाचावंच. ऑर्वेलच्या बाबतीत कायद्याचाही हात लागला. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. ऑर्वेल १९५० मध्ये गेला, त्यामुळे २०११ पासून त्याच्या स्वस्त आवृत्त्या काढायला कुणाच्या परवानगीची गरज उरली नाही.

नवी मुंबईत हे शिकवताना मला एक आधार मिळतो. हे शहरही आधी कागदावर आलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, मार्च १९७० मध्ये ते उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. आज मुलं पत्ता सांगतात तो सेक्टरच्या आकड्याने. या आखणीने मोकळे रस्ते दिले, प्रशस्त स्टेशनं दिली. मी स्वतः त्या सोयींत राहते. आणि याच आखणीत जमिनी गेलेल्यांच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. सिडको म्हणजे ऑर्वेलचं सरकार, असं मी मुलांना कधीच सांगत नाही. एखादा आराखडा वाचताना त्यात कोण दिसत नाही, एवढंच विचारते.

‘नाइन्टीन एटी-फोर’मधली सरकारी भाषा, ‘न्यूस्पीक’, इथे उत्तम समजते. शब्द कमी केले की विचार कमी होतो, ही त्यातली कल्पना. मी फळ्यावर लिहिते : खाजण, मिठागर, बांध, निवटी. टॉवरमधल्या मुलांना यातला एखादाच ओळखीचा असतो. गावठाणातली मुलं चारही सांगतात, निवटी ही मासळी चिखलात हाताने कशी धरायची तेसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी मोरच्या चोपन्न शहरांबद्दल बोलत होते, तेव्हा करावे गावातल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, त्याआधी तिथे कोण राहायचं?” उत्तर मोरने लिहून ठेवलंय. यूटोपस राजाने तो मुलूख जिंकला, तिथल्या लोकांना आपल्या सैनिकांबरोबर कामाला लावून पंधरा मैलांचा कालवा खोदला आणि जमिनीचं बेट केलं. आधीचं नाव होतं अ‍ॅब्राक्सा. पुढच्या तासाला ती वहीत बेटाचा नकाशा काढून घेऊन आली. वर लिहिलं होतं अ‍ॅब्राक्सा, आणि खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलने, तिच्या आजीच्या शेताचं नाव.