लाडकी बहीण ६५ व्या वर्षी थांबते, पण श्रावणबाळ आपोआप सुरू होत नाही

लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बाईच्या वयाला ६५ वर्षं पूर्ण होईपर्यंतच मिळतात. पुढे ज्येष्ठांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे आणि तिची रक्कमही जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपयेच आहे. रक्कम सारखी असल्यामुळे घरोघरी समज झालाय की एक बंद झाली की दुसरी त्याच खात्यात सुरू होईल. तसं होत नाही. पहिली योजना महिला व बालविकास विभागाची, दुसरी सामाजिक न्याय विभागाची. दुसरीसाठी नवा अर्ज करावा लागतो. "दोन-तीन हप्ते थांबून बघू, येतील" असं म्हणत बसलेल्या मावश्यांचे महिने नुसते वाया जातात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बहुतेक अर्ज उत्पन्नाच्या अटीवर अडतात. लाडकी बहीणसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर वेगळा उत्पन्नाचा दाखलाही मागत नाहीत. श्रावणबाळची मर्यादा वर्षाला २१,००० आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. मुंबईत एवढ्यात खोलीभाडंही भागत नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी महिना वीस हजारांत चालणारं घर गरीब धरलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तेच घर नियमात बसत नाही. बाईचं वय तेवढं वाढलेलं असतं, घरातलं दुसरं काहीच बदललेलं नसतं.

याचा फटका किती, ते बघा. समजा नवरा सोसायटीत वॉचमन आहे, पगार १२,०००, घरात दोघंच. तिचे १,५०० धरून घर १३,५०० वर चालत होतं. त्यातला नववा हिस्सा एका महिन्यात गेला. वर्षाचे १८,००० झाले. अशा घरात आधी काटछाट होते ती तिच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांवर, कारण भाडं आणि लाइट बिल थांबत नाही. आणि हे घर श्रावणबाळमध्ये बसतही नाही, नवऱ्याचा पगारच मर्यादेच्या कितीतरी वर आहे. २१,००० चा आकडा मुंबईसाठी बदलायलाच हवा, पण तो बदलेपर्यंत अर्ज याच आकड्यावर तपासला जाणार आहे.

मग बसतं कोण? एकट्या राहणाऱ्या, विधवा, मुलं वेगळी झालेली अशा बायका. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कापल्या जाणाऱ्या नोकरीतली, किमान पेन्शन महिना १,००० आहे. एखाद्या कामगाराच्या विधवेला तेवढीच मिळत असेल आणि दुसरी मिळकत नसेल, तर वर्षाचे १२,००० होतात आणि उत्पन्नाची अट पार पडते. तीच पेन्शन १,८०० असली तर २१,६०० होतात आणि सहाशे रुपयांनी अर्ज बाहेर. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जात अंदाजे आकडा टाकू नका, पासबुक समोर ठेवून बेरीज करा.

रेशनकार्डाकडेही आधी बघा. कमावत्या मुलाचं नाव त्याच कार्डावर असेल तर पहिला प्रश्न त्याच्या पगाराचाच येतो. मुलगा खरोखर वेगळा राहत असेल, चूल वेगळी असेल, तर त्याचं नाव आधी शिधावाटप कार्यालयातून कमी करून घ्या आणि मगच उत्पन्नाच्या दाखल्याला जा. उलट क्रमाने गेलात तर दाखल्यावर एक चित्र आणि कार्डावर दुसरं, आणि फाइल परत येते. मुलगा घरातच असताना कागदावर वेगळा दाखवू नका. "२१ हजारांचा दाखला काढून देतो" म्हणणारे दलाल कचेरीबाहेर भेटतील. खोट्या स्वयंघोषणेवर सही तुमची असते. उद्या पडताळणी झाली तर वसुलीची नोटीसही तुमच्याच नावाने येईल, तो माणूस तेव्हा तिथे नसेल. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी तिचा उतारा चालतो. तो असला तर फार मोठं काम झालं असं समजा.

दुसरी अडचण वयाची. कित्येक बायकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण नोंदणीच्या वेळी कुणीतरी अंदाजाने साल टाकलं. लाडकी बहीण बंद होते ती आधारवरच्या वयाने. श्रावणबाळच्या अर्जाला मात्र वयाचा वेगळा पुरावा लागतो, आणि मतदार ओळखपत्रावर ती ६३ वर्षांची निघाली तर तिकडचे पैसे बंद आणि इकडे अर्ज नामंजूर. दोन्ही कागद आजच शेजारी ठेवून तपासा, ६५ व्या वाढदिवसाची वाट बघू नका. शाळा सोडल्याचा दाखला मिळत असेल तर गावच्या शाळेतून मागवा, जुन्या रजिस्टरांत नोंदी सापडतात. शाळाच पाहिली नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून वयाचा दाखला घेता येतो. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून हाती पक्का पुरावा आल्याशिवाय तिला हात लावू नका.

रहिवासाची अट पंधरा वर्षांची आहे, पण ती महाराष्ट्रातल्या वास्तव्याची. मुंबईतल्या नव्हे. सातारा, रत्नागिरीहून सात-आठ वर्षांपूर्वी मुलाकडे आलेल्या आजी "आमची पंधरा वर्षं झाली नाहीत" म्हणून अर्जच करत नाहीत. गावचं जुनं रेशनकार्ड, गावच्या मतदार यादीतलं नाव जपून ठेवा, तेच इथे उपयोगी पडतं.

अर्ज कुठे द्यायचा, यातही लोकांचे दिवस जातात. मुंबईत जिल्हे दोन. धारावी, शीव, माहीम इथपर्यंत मुंबई शहर जिल्हा, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या जकातघरात. पुढे उपनगर जिल्हा, त्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके. धारावीतली बाई जवळ म्हणून वांद्र्याच्या उपनगर कार्यालयात जाते आणि परत पाठवली जाते. आपला पत्ता कोणत्या जिल्ह्यात, आणि उपनगरात असेल तर कोणत्या तालुक्यात येतो ते आधी विचारा आणि तिथल्या तहसीलदारांकडच्या संजय गांधी योजना शाखेत जा. श्रावणबाळचं कामही तीच शाखा बघते. फोटो, आधारची प्रत, पासबुक हे नेहमीचं.

खातं तिच्या एकटीच्या नावाचं असू द्या. पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि "बँकेत आधारची झेरॉक्स दिलीय" म्हणजे ते जोडलं गेलं असं नाही. मोबाइल आधारशी जोडलेला असेल तर माय आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. मध्येच कुणी नवं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडेही जातात, आणि बाई इकडे पासबुक भरून घेत राहते.

मंजुरी समितीच्या बैठकीत होते, त्यामुळे वेळ लागतो. मधले महिने भरून मिळतील हे धरून उधारी करू नका. अर्ज दिल्यावर क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "नंतर या, देतो" म्हटलं तरी थांबा. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. तोंडी "बसत नाही" यावर पुढे काहीच करता येत नाही. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो राहिला की पैसे पुन्हा थांबतात.

दिव्यांगत्वाचं ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र असेल तर ते खिडकीवर आधीच दाखवा. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून अनुदान २,५०० आहे.

ज्यांचं उत्पन्न २१,००० च्या वर पण दोन लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो. पैसे आल्यावर तीस दिवसांत खरेदीचं बिल द्यायचं असतं, म्हणून दुकानातून पक्कं बिल घ्या.