माशांची भूक कोणाला कळते?

मत्स्यशेतीत सगळ्यांत मोठा खर्च खाद्याचा. बहुतेक ठिकाणी चालू खर्चातला निम्म्याहून अधिक पैसा त्यातच जातो. त्यामुळे खाद्य हाताने टाकायचे की यंत्राने, याचा विचार नुसती मजुरी मोजून होत नाही. बघायचे ते हे, की टाकलेले खाद्य माशाच्या पोटात जाते की तळाच्या गाळात.

मासा शीतरक्ताचा प्राणी. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, प्राणवायू घटला की तो खाद्याकडे फिरकत नाही. रात्रभर शेवाळासह सगळेच जीव प्राणवायू वापरतात, म्हणून तळ्यात तो पहाटे सर्वांत कमी असतो. अशा वेळी टाकलेले खाद्य बरेचसे वाया जाते. ते कुजताना आणखी प्राणवायू संपतो, अमोनिया वाढतो आणि माशांची भूक अधिकच मरते.

हाताने खाद्य टाकणाऱ्याला हे पाण्यावर दिसते. मासे आधी झेपावतात, मग खळबळ ओसरते; जाणता माणूस तिथेच हात आवरता घेतो. आजाराची पहिली चाहूलही पुष्कळदा अशीच लागते. ही नजर मला फार मोलाची वाटते. पण माणूस दिवसातून दोन-तीनदाच खाद्य टाकू शकतो. रोहू, कटला यांसारख्या कार्प कुळातल्या माशांना जठरच नसते. त्यांना थोडे थोडे, पुन्हा पुन्हा दिलेले मानवते. कोळंबी तर गोळी सावकाश कुरतडते आणि तोवर त्यातली पोषकद्रव्ये पाण्यात विरघळत राहतात. इथे यंत्र निश्चितच सरस.

मात्र सगळी यंत्रे सारखी नसतात. नुसत्या घड्याळावर चालणारे यंत्र आभाळ भरून येऊन पाण्यातला प्राणवायू घटला तरी ठरलेले खाद्य ओततच राहते. लंबकाच्या यंत्रात पाण्यात लोंबणारी सळई माशाने ढकलली की खाद्य पडते, आणि मासे ही युक्ती लवकर शिकतात. दांडगे मासे सळईपाशी ठाण मांडतात, ही त्यातली अडचण. सॅमनच्या समुद्री पिंजऱ्यांत पाण्याखालच्या कॅमेऱ्यांतून न खाल्लेल्या गोळ्या दिसल्या की नळीतून येणारे खाद्य थांबवतात. कोळंबीच्या तळ्यात ध्वनिग्राहक तिच्या जबड्यांची टिकटिक ऐकून मात्रा ठरवतो.

लहान तळ्यासाठी मी साधे यंत्र आणि दिवसातून एकदा काठावरून बारकाईने पाहणे, अशी जोडी सुचवेन. यंत्र कोणतेही असो, ठरावीक दिवसांनी जाळे टाकून नमुन्याचे मासे तोलावेच लागतात, कारण खाद्याची मात्रा तळ्यातल्या माशांच्या एकूण वजनावर ठरते.