नंबर खरा आहे, म्हणजे नक्की काय खरं आहे?

मागच्या महिन्यात इंदूरच्याच सुदामा नगरहून वहिनीचा फोन आला. आवाजात हायसं वाटल्याची खूण. "ताई, मी चेक केलं हो. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर खरा निघाला. शनिवारचं नक्की करू ना?"

दोन बाळंतपणांनंतर सैल पडलेलं पोट तिला ऑपरेशन करून नीट करून घ्यायचं होतं. क्लिनिकच्या पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' लिहिलेलं, चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर छापलेला. तो तिने डॉक्टरांच्या ऑनलाइन यादीत शोधला होता. मी तिला त्या स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, नोंदणीचं वर्ष, सगळं जुळत होतं. पात्रतेच्या रकान्यात एमबीबीएस. त्याखाली काहीही नाही.

मी इंदूरच्या एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्डमध्ये बावीस वर्षं फायली सांभाळल्या. तेव्हापासून रामबागेपासून लोकमान्य नगरपर्यंत ओळखीतले लोक ऑपरेशनआधी मला फोन करतात, आणि दहांतले आठ जण हीच गल्लत करतात. नंबर खरा, म्हणजे डॉक्टर स्पेशालिस्ट. हे एकदा नीट लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

नोंदणी म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून भराभर सांगते. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक वर्ष पुरं झालं की डॉक्टर राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे नाव नोंदवतो. आपली, म्हणजे मध्य प्रदेशची, कौन्सिल भोपाळला आहे. देशभरातल्या नोंदी दिल्लीच्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या यादीत एकत्र दिसतात. जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी हे कमिशन सप्टेंबर 2020 मध्ये आलं. ही नोंदणी म्हणजे डॉक्टरकीची सनद. ती नसेल तर माणूस डॉक्टर नाही, विषय संपला. एप्रिल 2025 मध्ये आपल्याच राज्यातल्या दमोहची बातमी आली. हृदयाच्या प्रक्रिया करणाऱ्या एका माणसाला कागदपत्रं बनावट असल्याच्या आरोपावरून पोलिसांनी अटक केली होती. त्यानंतर माझ्या ओळखीतले कितीतरी जण नंबर तपासायला लागले. चांगलंच झालं. पण तपासणी तिथेच थांबते, हे मला खटकतं.

कारण हा नंबर डॉक्टरला तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मिळतो. तेव्हा तो ना सर्जन असतो, ना हृदयतज्ज्ञ, ना हाडांचा डॉक्टर. पुढे त्याने तीन वर्षं घालून एमएस किंवा एमडी ही पदव्युत्तर पदवी घेतली, त्यावर आणखी तीन वर्षं घालून एमसीएच किंवा डीएम ही त्याहून वरची पदवी घेतली, तरी मूळ नंबर तोच राहतो. बदलतं ते नंबरखालचं. नवी पदवी मिळाली की डॉक्टरने पुन्हा कौन्सिलकडे जाऊन ती चढवून घ्यायची असते. तिला 'ॲडिशनल क्वालिफिकेशन' म्हणतात आणि तिचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे प्रश्न दोन आहेत. हा माणूस डॉक्टर आहे का? आणि माझ्या पोटावर सुरी चालवायचं शिक्षण याने घेतलं आहे का? नंबर पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर पात्रतेच्या रकान्यात असतं, आणि तिथपर्यंत कोणी वाचतच नाही.

पाट्यांनी तर या गोंधळात भरच घातली आहे. 'फिजिशियन अँड सर्जन' ही पाटी आपण लहानपणापासून गल्लीतल्या दवाखान्यावर बघत आलो. ती खोटीही नाही, कारण एमबीबीएस ही वैद्यक आणि शल्य या दोन्हींची पहिली पदवी आहे. पण त्या 'सर्जन'चा अर्थ पित्ताशय काढणारा सर्जन असा होत नाही. मला त्या पाटीचा मनापासून राग आहे. खोकल्याचं औषध देणाऱ्या भल्या डॉक्टरांनी तरी ती का लावावी? डॉक्टरांच्या आचरणाचे 2002 चे नियम अगदी स्पष्ट आहेत. ज्या शाखेतली विशेष पात्रता नाही, त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणून डॉक्टरने स्वतःला मिरवू नये. दवाखान्यात, चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर आणि पैशांच्या पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर असला पाहिजे, हेही त्याच नियमांत आहे. तेव्हा चिठ्ठीवर नंबर छापणं ही डॉक्टरची मेहेरबानी नव्हे, आणि तो छापलाय म्हणून भाळून जायचंही कारण नाही.

'कॉस्मेटिक सर्जन' या शब्दाचंही तेच. शोधायची पदवी प्लास्टिक सर्जरीची, म्हणजे एमसीएच किंवा त्याच विषयातलं नॅशनल बोर्डाचं डीएनबी (आता डीआरएनबी). केस लावून घेण्याचा धंदा इंदूरमध्ये गल्लोगल्ली पोचला आहे, तिथेही हेच बघा. कमिशनने 2022 मध्ये त्याबद्दल सूचना काढल्या. रीतसर सर्जरी शिकलेल्यांनी किंवा त्वचारोगतज्ज्ञांनीच ते करावं, आणि वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून घेतलेलं शिक्षण पुरेसं नाही, असं त्यात म्हटलं आहे. यूट्यूबचं नाव सरकारी कागदात घालावं लागलं, यावरून काय चाललं असेल ते समजा.

आता यादी बघताना लोक कुठे अडखळतात ते सांगते, कारण इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात.

एक, नुसता नंबर टाकू नका. प्रत्येक राज्याची कौन्सिल आपापले नंबर देते, त्यामुळे आपल्याकडचा आणि गुजरातचा नंबर एकच असू शकतो, माणसं वेगळी. राज्य निवडा आणि वडिलांचं नाव जुळवा. दोन, बाईडॉक्टर सापडल्या नाहीत तर लगेच 'बोगस' म्हणू नका. आपल्या मराठी घरांत हे फार होतं. नोंदणी माहेरच्या आडनावाने, पाटी सासरच्या आडनावाने. आमच्या हॉस्पिटलच्या एका निष्णात स्त्रीरोगतज्ज्ञांबद्दल कॉलनीत याच कारणाने कुजबुज झाली होती, आणि त्या बाईंना झालेला मनस्ताप मी जवळून पाहिला. तीन, वयाने मोठे डॉक्टर असतील तर त्यांचं नाव 'महाकोशल' नावाच्या आपल्याकडच्याच जुन्या कौन्सिलखाली सापडू शकतं. चार, विद्यापीठाच्या नावाने दचकू नका. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचा जुना विद्यार्थी असेल तर देवी अहिल्या विश्वविद्यालय दिसेल, अलीकडचा असेल तर जबलपूरचं. कॉलेज तेच, त्याच्या एमवाय हॉस्पिटलचे वॉर्डही तेच.

आणि सगळ्यात मोठं: दिल्लीच्या यादीत वरची पदवी दिसली नाही, म्हणून ती नाहीच असं ठरवू नका. राज्याने चढवलेली नोंद तिथे उशिरा पोचते, कधी राहूनच जाते. अशा वेळी सरळ ॲडिशनल क्वालिफिकेशनचं प्रमाणपत्र मागावं. माझ्या अनुभवात, ज्यांच्याकडे ते असतं त्यांना प्रश्नाचा राग येत नाही. ते मोबाईलमधला फोटो काढून दाखवतात. राग येतो तो दुसऱ्यांना.

बाकीच्या फरकांवर लोक तासन्‌तास वाद घालतात, त्यांना मी फार किंमत देत नाही. एमएस मोठं की डीएनबी? दोन्ही पूर्ण पदव्युत्तर पदव्या आहेत, हा वाद सोडा. डीएम आणि एमसीएच? पहिलं औषधवाल्यांचं, दुसरं सुरीवाल्यांचं. नावापुढची 'एफ'ने सुरू होणारी लांबलचक अक्षरं? त्यातली बरीच संघटनांच्या सभासदत्वाची किंवा छोट्या कोर्सची असतात. मूळ पदवीवर शोभतात, मूळ पदवीच्या जागी चालत नाहीत. दातांच्या डॉक्टरांची कौन्सिल वेगळी. आयुर्वेदातही 'एमएस' ही पदवी आहे, शल्यतंत्राची. त्यांचं बोर्ड वेगळं आहे, आणि त्या पदवीधरांनी कोणत्या 39 शस्त्रक्रिया शिकायच्या आणि करायच्या हे 2020 च्या अधिसूचनेत दिलं आहे. 'एमएस कशातलं?' एवढं तोंडाने विचारलं की झालं, त्यात त्यांचा अपमान नाही.

उलट बाजूही सांगते, नाहीतर एमबीबीएस डॉक्टरांवर अन्याय होईल. प्रत्येक गोष्टीला एमएस लागतंच असं नाही. कुटुंबनियोजनाचं छोट्या छेदाचं ऑपरेशन किंवा बिनटाक्याची नसबंदी रीतसर प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस डॉक्टर सरकारी नियमांनुसारच करतात. पण मग ते प्रशिक्षण कुठलं, हा प्रश्न उरतोच.

भिंतीवरच्या फ्रेमचा घोळ वेगळाच. रिसेप्शनच्या मागे सीएमएचओच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, सहीचं प्रमाणपत्र टांगलेलं असतं. लोक त्याचा फोटो काढून मला पाठवतात: "हे बघा, रजिस्टर्ड आहेत." ते हॉस्पिटलचं रजिस्ट्रेशन, मध्य प्रदेशच्या 1973 च्या नर्सिंग होम कायद्याखालचं. इमारतीला परवाना आहे, एवढंच त्यातून कळतं. एनएबीएच या दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा शिक्काही हॉस्पिटलचाच. त्या इमारतीत शनिवारी तुमच्यावर कोण ऑपरेशन करणार, हे दोन्हींत कुठेच नसतं.

आणि इथेच मी सगळ्यात जास्त अडून बसते. तुम्ही ज्यांची पदवी तपासली तेच ऑपरेशन करणार आहेत का? छोट्या हॉस्पिटलांत सर्जन बाहेरून येतात. त्यात वावगं काही नाही, उत्तम सर्जन असे फिरतात. पण पेशंटला ज्यांनी तपासलं ते एक, पाटीवर दुसरे, आणि टेबलाशी तिसरेच, असं झालं तर तुमची तपासणी पाण्यात. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं तर कोणी नावही विचारत नाही. अहो, ऑपरेशन चालू असताना तुमचा श्वास त्यांच्या हातात असतो! भूलशास्त्रातलं एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा आहे का, आणि ते पूर्ण वेळ खोलीत असणार का, हे विचारायलाच हवं. मी हाताळलेल्या फायलींत किती संमतीपत्रं कोरी सही करून आलेली असत! शस्त्रक्रियेच्या नावापुढे कोरी रेघ, सर्जनच्या नावापुढे कोरी रेघ, भूलतज्ज्ञाच्या नावापुढे रेघ, आणि खाली नातेवाइकाची ठसठशीत सही. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला चालत नाही, जीव वाचवायची निकड असेल तेवढाच अपवाद. कोऱ्या कागदावर सही करून आपण हा आधार आपल्याच हाताने सोडून देतो.

वहिनीला मी हेच सांगितलं. शुक्रवारी ती क्लिनिकमध्ये गेली. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सर का रजिस्ट्रेशन वॉल पे लगा है ना." वहिनी म्हणाली, "वो तो हॉस्पिटल का है बेटा. ऑपरेशन कौन करेंगे, उनका नाम फॉर्म पे लिख दो." मुलगी आत जाऊन आली. "बाहर से सर आते हैं, उस दिन जो अवेलेबल होंगे." भूल कोण देणार, त्यालाही हेच उत्तर. वहिनीने फॉर्मचा फोटो काढला, तिन्ही रेघा तशाच कोऱ्या होत्या. भरलेले पाच हजार परत मागितले, तर 'बाद में आना' म्हणाले.

दहा दिवसांनी ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. यादीत एमबीबीएस, त्याखाली एमएस, त्याखाली प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच, तिन्ही वर्षांसकट. त्यांनी तिच्यासमोर फॉर्मवर स्वतःचं नाव नि नंबर घातला, भूलतज्ज्ञ बाईंचं नावही घातलं, आणि मग रक्ताचा रिपोर्ट हातात घेतला. हिमोग्लोबिन नऊ. आधी हे वाढवून या, मग तारीख देतो, म्हणाले. वहिनी सध्या लोहाच्या गोळ्या घेते आहे.