सगळे मॅक्डोनाल्ड एकाच घरचे का?

मॅक्डोनाल्ड म्हटलं की आधी बर्गर आठवतो, आणि फारतर शाळेच्या इतिहासातले रॅम्से मॅक्डोनाल्ड, तेच ते १९३२ च्या जातीय निवाड्याचे पंतप्रधान, ज्या निवाड्यावरून पुढे येरवड्यात पुणे करार झाला. बर्गरवाले भाऊ आयरिश आईबापांची मुलं, हे पंतप्रधान स्कॉटिश. खुद्द स्कॉटलंडमध्ये तर हे आडनाव पैशाला पासरी. मग मूळपुरुष एकच का?

परंपरा म्हणते हो. सोमरलेड नावाचा १२ व्या शतकातला सरदार, पश्चिमेकडच्या बेटांवर त्याचं राज्य, ११६४ मध्ये रेनफ्र्यूजवळ तो मारला गेला. त्याचा नातू डोनाल्ड, त्याच्यापासून हे घराणं.

आता हे तपासायचं तर वाय क्रोमोसोम बघायचा. तो फक्त बापाकडून मुलाकडे जातो, आडनावासारखाच, आणि त्यात सरमिसळ जवळपास होत नाही. त्यावर काही जागी डीएनएचा तोच छोटा तुकडा ओळीने परत परत येतो, कोणाकडे १३ वेळा, कोणाकडे १४, आणि हा आकडा क्वचितच बदलतो, त्यामुळे दोन पुरुषांचे अशा बऱ्याच जागांचे आकडे जुळले की बापाच्या बाजूने त्यांचा पूर्वज फार मागचा नाही असं समजायचं.

ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी नेमकं हेच केलं. ज्यांच्याकडे वंशावळीचे कागद आहेत अशा घराण्याच्या प्रमुखांचे वाय एकमेकांशी जुळले! गंमत म्हणजे तो आर-१-ए नावाच्या वाय-गटातला (एका जुन्या पूर्वजापासूनच्या वायचं कुटुंब) निघाला, नॉर्वेकडून आलेला, आणि दंतकथेत मात्र सोमरलेड हा नॉर्स लोकांना, म्हणजे व्हायकिंगांना, हुसकावून लावणारा गेलिक, म्हणजे तिथल्या केल्टिक भाषेचा, वीर. (आर-१-ए भारतातही भरपूर आहे पण ती वेगळी फांदी, हजारो वर्षांपूर्वी फुटलेली, उगाच नातं जोडायला जाऊ नका.)

पण बहुतेक साध्या मॅक्डोनाल्डांमध्ये ही खूण सापडलीच नाही. मला यात नवल वाटत नाही. डोनाल्ड हे तिथलं सर्रास नाव, त्यामुळे कुठल्याही डोनाल्डचा मुलगा मॅक्डोनाल्ड, आणि हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, आडनावं कायमची व्हायला बराच उशीर लागला, तोपर्यंत प्रमुखाच्या जमिनीवर राहणारी कुळंसुद्धा त्याचंच नाव लावायला लागलेली.

रॅम्से मॅक्डोनाल्डांचंच बघा ना. १८६६ मध्ये लॉसीमथला जन्म, आईबापांचं लग्न झालेलं नाही, नोंदीत नाव जेम्स मॅक्डोनाल्ड रॅम्से, म्हणजे आडनाव आईचं. पुढे त्यांनी बापाचं लावलं. नाहीतर मॅक्डोनाल्डांचा वाय रॅम्से आडनावाखाली पुढे गेला असता आणि शंभर वर्षांनी टेस्ट करणारे चक्रावले असते.

आणि ही टेस्ट मॅक्डोनाल्ड बायकांना स्वतःवर करताच येत नाही, वायच नाही त्यांच्याकडे, मग भाऊ, वडील नाहीतर सख्ख्या काकांना गाठून त्यांची लाळ मागायची.