पार्श्वभूमी : ‘माझा हात बसलेला आहे’ ही चालकाची खात्री येते कुठून?

‘दहापैकी नऊ चालक स्वतःला सरासरीपेक्षा चांगले समजतात’ हे वाक्य रस्तासुरक्षेवरच्या लेखांत आणि भाषणांत वारंवार भेटते. सांगण्याचा सूर बहुधा ‘बघा, माणूस किती अहंकारी’ असाच असतो. ज्या अभ्यासातून हे वाक्य पसरले, त्यात मात्र सर्वसाधारण चालक नव्हते, विद्यापीठातले विद्यार्थी होते. आणि प्रश्नात सरासरीही नव्हती. गेल्या साठ वर्षांत या विषयावर जे वाद झाले, त्यांचे मूळ बरेचसे या दोन गोष्टींत आहे.

स्वतःबद्दलचा हा चढा अंदाज मोटारीपेक्षा जुना आहे. १६३७ मध्ये एका फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहून ठेवले की, जगात सर्वांत समान वाटली गेलेली गोष्ट म्हणजे शहाणपण, कारण आपल्याला ते पुरेसे मिळाले आहे असे प्रत्येकालाच वाटते. १७७६ मध्ये एका स्कॉटिश अर्थविचारवंताने, बहुतेक माणसे आपली कुवत आणि आपले नशीब दोन्ही फुगवून पाहतात, असे बजावले. विसाव्या शतकात मोटारी आल्या, अपघात वाढले, आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या अभ्यासातून निघालेली ‘अपघातप्रवण माणूस’ ही कल्पना रस्त्यावर आली. काही थोड्या लोकांच्या हातूनच अपघात होतात, त्यांना वेचून बाजूला काढले की झाले, असा तिचा अर्थ लावला गेला. वर्षावर्षाच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा मात्र यंदाचे अपघातवाले पुढच्या वर्षी बहुतेक वेगळेच निघत. कल्पना मागे पडली, तरी तिने दिलेला दिलासा टिकला. दोष दुसऱ्या कुणाचा तरी आहे, हा तो दिलासा.

चालकाने स्वतःविषयी काय मानले आहे, हे थेट विचारण्याची सुरुवात माझ्या मते १९६५ च्या सिएटलमधल्या अभ्यासापासून धरायला हवी. एरवी तो एका ओळीत आटोपला जातो. अपघातात जखमी होऊन इस्पितळात दाखल झालेले ५० चालक घेतले आणि त्यांच्यासमोर अपघाताची नोंद नसलेले ५० चालक ठेवले. पोलिसांच्या नोंदीनुसार त्या पहिल्या ५० पैकी ३४ जण अपघाताला स्वतः जबाबदार होते. दोन्ही गटांना विचारले, तुम्ही गाडी कशी चालवता? उत्तरे जवळजवळ सारखीच आली. इस्पितळातल्या खाटेवर पडलेला माणूसही स्वतःला ‘अगदी वाईट’पेक्षा ‘तरबेज’च्या बाजूला ठेवत होता. हा निष्कर्ष लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

प्रसिद्धी मिळाली ती १९८१ च्या अभ्यासाला. एका स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले आणि स्वीडनमधले विद्यार्थी घेतले. दोन्ही देश मिळून १६१. काहींना कौशल्याबद्दल विचारले, काहींना सुरक्षिततेबद्दल. कौशल्यात अमेरिकी विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवले, स्वीडिश विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्क्यांनी. सुरक्षिततेत हेच आकडे ८८ आणि ७७. पुढे जगभर फिरला तो फक्त ९३. स्वीडिश गट वयाने मोठा होता आणि त्याचा आकडा बराच खाली होता, ही बाब गळून पडली. तो ९३ टक्क्यांचा आकडा काही डझन तरुणांचा आहे हेही कुणी सांगेनासे झाले. १९८६ मध्ये न्यूझीलंडमध्ये १७८ जणांना आठ वेगवेगळ्या निकषांवर स्वतःला आणि ‘सरासरी चालका’ला गुण द्यायला सांगितले, तेव्हा सगळे निकष मिळून साधारण ८० टक्के जण स्वतःला वरचढ ठरवत होते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोटारचालक संघटनेच्या पाहणीत हा आकडा ७३ टक्के आला. म्हणजे कल खरा आहे आणि वारंवार दिसतो. ९३ हे त्याचे टोक आहे.

इथे ‘सरासरी’ या शब्दापाशी थांबणे भाग आहे. या विषयावरचे निम्मे गैरसमज त्याच्याच पोटी जन्मले आहेत.

पहिला आक्षेप सरळ गणिताचा आहे. समजा १०० चालकांपैकी ९० जणांचा वर्षात एकही अपघात झाला नाही आणि १० जणांचा प्रत्येकी एक झाला. सरासरी आली ०.१. शून्य अपघातवाले ९० जण या सरासरीपेक्षा चांगलेच आहेत. त्यांनी तसे म्हटले तर ते खोटे बोलत नाहीत. थोड्या वाईट चालकांनी सरासरी खाली ओढली की बहुसंख्य लोक तिच्या वर असू शकतात. म्हणूनच दहावीच्या पुस्तकात सरासरीशेजारी मध्यक शिकवतात : सगळ्यांना ओळीने उभे करा आणि मधला माणूस पाहा. मधल्या माणसाच्या वर निम्म्यांपेक्षा जास्त लोक असूच शकत नाहीत. १९८१ च्या अभ्यासात नेमके हेच केले होते. खोलीत जमलेल्या लोकांमध्ये तुम्ही कितव्या टप्प्यावर आहात, असे विचारले होते. इथल्या इतरांना तुम्ही ओळखत नाही, त्यांचे चालवणे पाहिलेले नाही, तेव्हा उत्तर देणे अवघड आहे, अशी कबुलीही प्रश्नातच होती. त्यामुळे सरासरीचा आक्षेप न्यूझीलंडच्या अभ्यासाला लावता येईल, १९८१ च्या अभ्यासाला लागू पडत नाही. तरीही या आकड्याची टर उडवणारे आजही तोच आक्षेप उगाळतात, आणि त्याचे समर्थन करणारेही मध्यकाला बिनदिक्कत सरासरी म्हणतात.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. तो २०११ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. त्यांचे म्हणणे असे की, मध्यक विचारला तरी ९३ टक्क्यांवरून अहंकार सिद्ध होत नाही. माझ्याच सोप्या आकड्यांत सांगतो. १०० चालक, ५० चांगले, ५० वाईट. चांगल्यांचा अपघात कधीच होत नाही. वाईटांपैकी निम्म्यांचा वर्षात होतो, म्हणजे २५ जणांचा. आपण कोणत्या गटातले, हे कुणालाच सुरुवातीला ठाऊक नाही. वर्षाअखेरीस ७५ जण बिनअपघाताचे उरतात. त्यांतले ५० खरोखर चांगले आहेत. म्हणजे या ७५ पैकी प्रत्येकाने थंड डोक्याने हिशोब केला, तर आपण चांगल्या गटात असण्याची शक्यता तीनात दोन आहे, असेच उत्तर येईल. ‘तुम्ही वरच्या अर्ध्यात आहात असे वाटते का?’ यावर ७५ टक्के लोक ‘हो’ म्हणतील आणि त्यांतल्या एकाचाही तर्क चुकलेला नसेल. अपघात ही मुळातच विरळ घटना असल्याने, हाती असलेल्या पुराव्यावरून बहुतेकांनी स्वतःला चांगले समजणे शहाणपणाचे ठरते.

हा युक्तिवाद मला पटतो, पण पुरता नाही. वरच्या हिशोबात ज्यांचा अपघात झाला त्या २५ जणांना आपली जागा कळते. सिएटलच्या इस्पितळातल्या लोकांना ती कळली नव्हती. पोलिसांनी जबाबदार धरलेल्या माणसालाही स्वतःचा अंदाज खाली आणावासा वाटला नाही, हे कुठल्याच थंड हिशोबात बसत नाही. २०१५ मध्ये त्याच अर्थशास्त्रज्ञांनी आणखी एका संशोधकाला घेऊन सोप्या प्रश्नमंजूषांवर आपली कसोटी लावून पाहिली. तिथे तर्काने समर्थन करता येणार नाही इतका फुगवटा त्यांनाच सापडला. तेव्हा खात्रीचा काही भाग अपुऱ्या माहितीचा आणि काही खरोखरच भ्रमाचा, असे मानणे भाग आहे. सगळे खापर अहंकारावर फोडणे मात्र सोडून द्यायला हवे.

‘चांगले चालवणे’ म्हणजे काय, हा गुंताही तितकाच जुना. १९८९ मध्ये अमेरिकेत दाखवले गेले की, गुणाची व्याख्या जितकी सैल, तितके लोक स्वतःला वर ठेवतात, कारण प्रत्येक जण आपल्याला जमते तीच व्याख्या उचलतो. आपल्याकडेही हे रोज ऐकू येते. घाटात उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून शांतपणे खाली आणणारा स्वतःला चांगला म्हणतो. अर्ध्या इंचावरून कट मारून पुढे जाणाराही चांगला म्हणतो. गर्दीत क्लच-ब्रेकचा एकही धक्का न देणारा आणि मुंबईहून पुण्याला सगळ्यांच्या आधी पोचणारा, दोघेही चांगलेच. आपापल्या व्याख्येत चौघेही खरे आहेत. २०१३ च्या एका अभ्यासात तर लोकांनी असेही मान्य केले की, आमच्या व्याख्येने आम्ही चांगले, पण इतरांना ते पटणार नाही.

१९९९ मधल्या दोन अभ्यासांची इथे नेहमी गल्लत होते. एकात, ज्यांना काम जमत नाही त्यांनाच आपल्याला जमत नाही हे कळत नाही, असे दिसले. चालकांबद्दल बोलताना हाच पुढे केला जातो, पण त्यात विनोदाची जाण, व्याकरण आणि तर्क तपासले होते, गाडी चालवणे नव्हते. दुसरा आपल्या विषयाच्या जास्त जवळचा आहे. सोप्या वाटणाऱ्या कामांत लोक स्वतःला सरासरीच्या वर ठेवतात, अवघड वाटणाऱ्या कामांत खाली. गाडी चालवणे सोप्यांत पडले, तीन चेंडू हवेत झेलत राहणे अवघडांत. उत्तर देताना माणूस फक्त स्वतःकडे पाहतो, ‘मला जमते’ इतकेच मोजतो, आणि ते सगळ्यांनाच जमते हे विसरतो.

गाडी सोपी का वाटते, हे मराठीतला आपला शब्दच सांगतो. आपण ‘हात बसला’ म्हणतो. हात बसतो हे खरेच, आणि गाडी त्याचा निकाल लगेच देते. क्लच चुकला की इंजिन बंद पडते, रिव्हर्स चुकला की भिंतीला घासते. नजरेचा निकाल मात्र येतच नाही. वळणापलीकडे काय असेल याचा विचार न करता हजार वेळा ओव्हरटेक केले आणि हजार वेळा समोर काहीच आले नाही, तर रस्त्याने आपल्याला हजार वेळा ‘बरोबर’ म्हटलेले असते. ब्रिटनमधल्या २००४ च्या अभ्यासात हा फरक मोजला गेला. गाडीवरच्या ताब्यापेक्षा धोका आधीच ओळखण्याच्या बाबतीत चालकांचा स्वतःबद्दलचा अंदाज अधिक फुगलेला होता.

म्हणूनच प्रशिक्षणाचा इतिहास मला या विषयातला सर्वांत गंभीर भाग वाटतो. नॉर्वेने १९७९ मध्ये नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावरचा सराव सक्तीचा केला. हेतू निर्मळ होता : गाडी घसरली तर सावरता यावी. पुढे मूल्यमापन झाले तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यांवरचे अपघात घटण्याऐवजी वाढलेले आढळले. सावरता येते अशी खात्री झाली आणि वेग कमी करण्याची गरज वाटेनाशी झाली. १९९६ मध्ये स्वीडनमध्ये याचा प्रयोगच केला. एका गटाला ब्रेक आणि बचावाचे कौशल्य शिकवले, दुसऱ्याला त्याच रस्त्यावर आपले कौशल्य कुठे अपुरे पडते हे अनुभवायला लावले. नंतरच्या चाचणीत पहिला गट स्वतःला जास्त कुशल समजत होता. प्रत्यक्ष कौशल्यात दोन्ही गट सारखेच होते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका काउंटीत सुमारे १६,००० शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रशिक्षणांत वाटून जो मोठा प्रयोग झाला, त्यातही विस्तृत प्रशिक्षणाचा टिकाऊ फायदा दिसला नाही. १९८६ च्या फेरतपासणीत तर ती मुले परवाना लवकर काढून लवकर रस्त्यावर आली, एवढाच परिणाम ठळक दिसला.

यातून काही देशांनी परीक्षाच बदलली. ब्रिटनने २००२ मध्ये धोका ओळखण्याची चाचणी आणली. १४ चित्रफितींत १५ उलगडत जाणारे धोके असतात, ते दिसताच बटण दाबायचे. जितके लवकर दाबाल तितके गुण जास्त. स्वीडनने २००९ पासून निसरड्या रस्त्याच्या सरावाबरोबर दारू, थकवा आणि धोका पत्करण्याची वृत्ती यांवरचा धडाही सक्तीचा केला.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. सरकारी नोंदीत त्यांतला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ७१ टक्के, अतिवेगाचा आहे. २०१९ मध्ये कायद्यात मोठे बदल झाले, दंड वाढले. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांत हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम ठरवला, आणि तो पूर्ण करणाऱ्याला आरटीओतल्या चाचणीतून सूट दिली. ज्यांना ही सूट नाही त्यांची परीक्षा अजून बरीचशी हाताचीच आहे. शिकाऊ परवान्याला संगणकावर मोजके प्रश्न असतात, साठ टक्के बरोबर आले की झाले. पक्क्या परवान्याला दुचाकीने आठचा आकडा काढायचा, चारचाकी मागे घेऊन दाखवायची, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघायचे. थांब्यावर उभ्या असलेल्या एसटीच्या पुढून कोण धावत येईल, हे त्या मैदानात कुणी विचारत नाही.